न मागितलेला पत्ता

सरांचं आणि कॅलेंडरचं भांडण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना पाठ आहे. गणपतीत चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "ते सांगा ना, बँकेच्या साहेबाला वृद्धाश्रमात पाठवलं होतं ते!" आणि मी सांगते. नक्कल करून सांगते. सरांच्या शोकसभेतही सांगितलं, आणि तिथेही लोक डोळे पुसता पुसता हसले. प्रत्येक वेळी मी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. आता स्मरणिकेसाठी सरांवर लिहा म्हणून मंडळाने मलाच गळ घातली, कारण सरांकडे सगळ्यांत जास्त वर्षं मीच काम केलं. लिहायचं तर पूर्ण लिहीन. छापायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.

सर घरं तपासत. कोणी कर्ज काढून घर घ्यायला निघालं की बँक आधी आम्हाला पाठवायची. घर खरोखर उभं आहे का, कागदावर आहे तेवढंच आहे का, अजून किती वर्षं टिकेल, हे बघून अहवाल द्यायचा. जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांच्या स्वतःच्या घरात खालच्या मजल्यावर ऑफिस, वर ते राहत. बायको गेल्यापासून एकटेच. खाली मी, दोन टेबलं, एक संगणक आणि सरांचा आवाज.

कोणत्याही घरात शिरताना ते चप्पल बाहेर काढत. घर नुसतं विटांचं, वर छप्पर नसलं, खाली खडी असली तरीसुद्धा. गवंडी हसायचे. सर अनवाणी खडीवरून चालत जायचे, आधी न्हाणीघर बघायचे, मग उरलेलं घर. अहवाल मनात ठरेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. मालकीणबाईंनी कॉफी पुढे केली की म्हणायचे, "आत्ता बेड अम्मा, नको. कॉफी प्यालो की वाकडी भिंत सरळ दिसायला लागते मला."

पत्ता विचारायचा नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. फोनवर गिऱ्हाइकाने दुसरा मेन, पाचवा क्रॉस असं सुरू केलं की ते मधेच तोडायचे, "पत्ता पोस्टमनला द्या. मला घर सांगा." मग समोरचा बिचारा सांगायचा, मागे विहीर आहे, पुढे दोन नारळ आहेत. तेवढ्यावर सर स्कूटर काढायचे आणि बरोबर जाऊन उभे राहायचे. एकदा पाहिलेलं घर ते कधी विसरले नाहीत.

"आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत लढायला या कन्नड मुलखात आले," ते म्हणायचे. "लढाया संपल्या आणि परतीचा रस्ता विसरले. एकदा विसरले ते पुरे की गं! तेव्हापासून आमच्या घरात रस्ता विसरायला मनाई आहे."

हे ते हसून सांगत, पण त्यात एक भीती होती आणि ती मला माहीत होती. त्यांचे थोरले भाऊ शाळामास्तर होते. साठीनंतर ते माणसं विसरू लागले. एका सकाळी हातात पिशवी घेऊन बाहेर पडले, ते दुसऱ्या दिवशी पार बेट्टदपुरात सापडले, डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांशी बसलेले. सर आणायला गेले तर दादांनी धाकट्या भावाला हात जोडून नमस्कार केला आणि विचारलं, "आपण कोणाकडचे?" एका साइटवरून परत येताना सरांनी हे मला सांगितलं होतं. पुढे म्हणाले, "पाय मोडू दे. डोळे जाऊ देत. हे मात्र नको."

आता कॅलेंडर.

बँकेने नियम काढला. प्रत्येक भेट संगणकावरच्या कॅलेंडरमध्ये टाकायची, खाली बँकेच्या साहेबाचं नाव जोडायचं, म्हणजे त्यालाही ती आपोआप जाते आणि तो वेळेवर साइटवर येतो. ऑफिसचं एकच खातं होतं, ते मी सरांच्या फोनवर आणि माझ्या फोनवरही जोडून दिलं. सरांना शेजारी बसवून शिकवलं. "सर, आपण एकदा टाकलेली जागा हा लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी दोन-तीन अक्षरं मारली की उरलेलं स्वतःच लिहितो."

"त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सोय आहे ती."

"मी तोंड उघडलं नाही तोवर हा माझं वाक्य संपवणार, आणि ती सोय? असला जावई असता तर दिवाळीलासुद्धा बोलावला नसता."

ते एका बोटाने टाइप करायचे. जागेच्या रकान्यात 'मागे विहीर, मालकीण तापट' असं काहीतरी लिहायला जायचे आणि खाली यादी उघडायची. मंड्याचं एखादं हॉटेल, बंगळूरची एखादी विहिरी खणणारी कंपनी. "आला बघ शहाणा!" असं म्हणून ते एकेक अक्षर पुसायचे. पुन्हा लिहायचे, पुन्हा यादी. मग त्यांनी युक्ती काढली, जागेच्या आधी एक टिंब द्यायचं. थोडे दिवस यादी गप्प राहिली. मग टिंब दिलं तरी यायला लागली. "टिंबसुद्धा शिकला गं, लबाड!" असं ओरडत ते जिन्यापर्यंत गेले होते. ही नक्कल मी चांगली करते.

याच सुमारास सर जिन्यात घसरले आणि मनगट दुखावलं. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. त्याचा मला फोन आला.

"अक्का, हूटगळ्ळीकडे म्हणे वयस्कर लोकांसाठी एक नवीन निवास झालंय. डॉक्टर आहे, विसरणाऱ्यांसाठी वेगळा मजला आहे. तुम्ही नुसतं बघून या. बाबांना आत्ता काही बोलू नका."

"सर काही विसरत नाहीत," मी म्हटलं.

"आज नाही. पण मोठ्या काकांचं आठवतंय ना?" मग तो म्हणाला, "ऑफिसची काळजी करू नका. ते तुमचंच आहे. बाबा तिकडे गेले तरी खालचा मजला तुम्हीच चालवा."

मला नाही म्हणता आलं असतं. हे मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे आणि दर वेळी उत्तर तेच येतं. मी सरांवर चिडलेली नव्हते. दमलेली होते. उन्हातान्हात त्यांच्या मागे अनवाणी चालून, एकेका अहवालासाठी तीन तीनदा साइटवर जाऊन दमले होते. आणि 'खालचा मजला तुम्हीच चालवा' हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. भिंतींना कोणता रंग द्यायचा, इथपर्यंत मी पोचले होते.

मी भेटीची वेळ घेतली आणि सवयीने ती कॅलेंडरमध्ये टाकली. ऑफिसच्या खात्यात. लक्षात आलं तेव्हा जाऊन आले होते. सरांच्या नजरेला पडायच्या आत घाईघाईने पुसून टाकली. नोंद गेली. पण जागा यंत्राच्या आठवणीत राहिली.

नंतर एका सकाळी सर टाइप करत होते. हूटगळ्ळीला एक नवीन घर बघायचं होतं. ते अक्षरं मोठ्याने म्हणत टाइप करायचे. एच, ओ, ओ. मग थांबले.

"आला शहाणा... पण हे काय गं? कुठलं निवास हे?"

मी प्रिंटरपाशी होते. मागे न वळता म्हटलं, "जाहिरात असेल सर."

"जाहिरात कशी? तूच सांगितलंस की, आपण टाकलेल्या जागा हा वर दाखवतो म्हणून. ही तर सगळ्यांत वर आहे."

खरं सांगायला तेवढाच वेळ लागला असता जेवढा खोटं सांगायला लागला. मी म्हटलं, "मग तुम्हीच कधीतरी टाकलं असेल सर. लक्षात नसेल."

त्यांनी वाद घालायला हवा होता. एरवी ते टिंबावरून वाद घालायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं विचारलं, "मी?"

"असेल," मी म्हटलं आणि कागद जुळवत राहिले.

हूटगळ्ळी भराभर वाढत होती, आमची निम्मी कामं तिकडचीच. म्हणजे रोज ती अक्षरं आणि रोज तो पत्ता. सर आता शिव्या देत नव्हते. यादी आली की थोडा वेळ तिच्याकडे बघत राहायचे, मग सावकाश पुसायचे. ते जेवायला वर गेले की मी तो पत्ता यादीतून घालवायची खटपट करत असे. सगळी बटणं दाबून पाहिली. गेला नाही. जिन्यावर त्यांची पावलं वाजतील म्हणून कान तिकडे, आणि समोर तीच ओळ.

मग तो बँकेच्या साहेबाचा प्रसंग झाला. पुण्याहून नुकताच बदलून आलेला तरुण साहेब. सरांनी त्या दिवशी घाईत तीन अक्षरं मारून एंटर दाबलं, आणि कॅलेंडरने रकान्यात तो पत्ता भरला. साहेबाला तोच गेला. सर खऱ्या घरासमोर उन्हात टेप घेऊन उभे, मी बाजूला, आणि साहेबाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"सर, मी पोहोचलोय. पण इथे मला आत बसवलंय, कॉफी दिलीय, आणि वडिलांचं वय विचारतायत! मी सांगतोय की माझे वडील नाशिकला अगदी ठणठणीत आहेत, तर म्हणतात, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात!"

इथे लोक हसतात. मीही इथेच थांबते. पुढचं हे.

सर हसले नाहीत. काम न करता आम्ही परत आलो. ऑफिसात येऊन ते गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले, स्वतःच्या नाही. म्हणाले, "विचार."

"काय विचारू?"

"घरं. जुनी. कुठलंही विचार."

"कशाला सर, सुम्ने, उगाच..."

"विचार म्हणतो ना."

मी म्हटलं, "सरस्वतीपुरमचं कोपऱ्यावरचं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं."

"जिन्याखाली उंदराचं बीळ. त्यावर देवाचा फोटो टेकवलेला, मला दिसू नये म्हणून. पुढचं."

"यादवगिरीचं. डॉक्टरीणबाईंचं."

"दोन खोल्यांच्या मधे दार बुजवून खिडकी केलेली. सासू अलीकडे, सून पलीकडे. ताटं त्यातून जायची. पुढचं."

मी विचारत गेले, ते सांगत गेले. एकही चुकलं नाही. त्यांचा आवाज मात्र दर उत्तराला बारीक होत होता. शेवटी म्हणाले, "आता ते विचार. हूटगळ्ळीचं निवास."

मी विचारलं नाही. त्यांनीच डोळे मिटले.

"काही दिसत नाही गं. गेट कसलं, पायऱ्या कुठल्या बाजूला, काही नाही. सगळी घरं जागेवर आहेत आणि हे एकच नाही. मी लिहिलं, म्हणजे मी गेलो असणार. आणि काही नाही." मग डोळे उघडून म्हणाले, "दादाचं असंच सुरू झालं. आधी एकच गेलं होतं. आमच्या मावशीचं घर."

त्या निवासाचं गेट हिरवं होतं. पायऱ्या डाव्या बाजूला होत्या. मला माहीत होतं, कारण मी गेले होते. वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हटलं, "दमलात सर. कॉफी करू?"

त्यांनी मान हलवली. मी केलेली कॉफी ते निमूटपणे प्याले.

त्याच आठवड्यात सरांच्या मुलाने फोनवर विचारलं, "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत. पत्त्यांचा थोडा गोंधळ होतो अधूनमधून. बँकेच्या साहेबाला चुकीच्या जागी बोलावलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तो सुट्टी काढून आला. सरांना डॉक्टरकडे नेलं, मीही बरोबर होते. वार, महिना, घड्याळाचं चित्र, उलटे आकडे, सगळं सरांनी बरोबर सांगितलं. डॉक्टर पेन खाली ठेवायला लागले, तेव्हा सर स्वतःच म्हणाले, "पण मी न आठवणाऱ्या जागा लिहून ठेवतो. दुसऱ्यांनाही तिकडे पाठवतो. हिला विचारा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी ती होकारासारखी धरली असणार. मी तशी धरू दिली. "सुरुवात असू शकते," ते म्हणाले.

निवासात जायचा निर्णय सरांनी स्वतः घेतला. मुलगा तर शेवटी शेवटी "राहू दे बाबा, बघू" म्हणत होता. सर म्हणाले, "बिडु, सोड. दादाला मी शोधून आणलं होतं. मला शोधायला इथं कोण आहे? रस्ता माहीत आहे तोवर आपल्या पायांनी जातो." कपड्यांची एक पेटी घेतली, वरच्या मजल्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विश्वास होता. तो पाहून मी आत वळले आणि नळ सोडून उभी राहिले.

मग खालचा मजला मी चालवायला लागले. भिंतींना रंग दिला नाही. हूटगळ्ळीची कामं येतच होती, आणि मी तीन अक्षरं मारली की यंत्र अदबीने विचारायचं, तिथेच जायचंय ना? संगणक बदलून पाहिला. खातं तेच, यादी तीच. मी पूर्ण पत्ता टाइप करायचे, तरी तो मधेच वर यायचा. एका दुपारी मीही घाईत एंटर दाबलं. रकान्यात तो पत्ता भरला गेला. मी तो पुसला नाही. पर्स उचलली आणि गेले.

सर व्हरांड्यात बसले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट. मला बघून खूश झाले. "ये की गं. ह्यांच्या मागच्या भिंतीत ओल आहे, सांगितलं तर म्हणतात, अज्जा, तुम्ही आराम करा." मी समोर बसले आणि सांगितलं. फोन आला तिथपासून. रंगाचा विचारसुद्धा सांगितला.

त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर एखाद्या घराची चौकशी करावी तसे प्रश्न विचारले.

"नोंद तू टाकलीस?"

"हो."

"पुसलीस कधी?"

"परत आल्यावर लगेच."

"मग मी इथं आधी कधी आलोच नव्हतो?"

"नाही सर."

"बरोबर," ते म्हणाले. "आलो असतो तर ती ओल आठवली असती." ते उठले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याला फोन लाव."

"सर, तिकडे आत्ता पहाट..."

"लाव. आणि आवाज मोठा कर. माझ्यासमोर सांग."

मुलगा झोपेतून उठला होता. मी सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "पण अक्का, डॉक्टर तर म्हणाले होते की..."

सर फोनकडे वाकले. "डॉक्टरांना मी सांगितलं. मला हिनं सांगितलं. तुलाही हिनंच. आम्हा तिघांना मिळून एकच माणूस साक्षीला होता, आयिता? कळलं?" मग सावकाश म्हणाले, "मी घरी जातोय."

ते घरी आले. मी वरचं कुलूप उघडून किल्ली टेबलावर ठेवली आणि माझा डबा, छत्री गोळा करायला लागले. ते वरून म्हणाले, "सोमवारी दोन साइट आहेत. वेळेवर ये." का ठेवलं मला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. मंडळात त्यांनी हे कोणालाही कळू दिलं नाही. साहेबाचा किस्सा मी पुन्हा सांगायला लागले तेव्हा ते समोरच बसलेले असायचे, आणि लोक हसले की तेही थोडं हसायचे.

सोमवारची दुसरी साइट म्हणजे एका शिक्षकाचं घर. वर एक मजला चढवला होता, म्हणून पुन्हा तपासायचं होतं. जोतं भरलं तेव्हा आम्ही दोघं तिथे आलो होतो. शिक्षकाने हात जोडून दार उघडलं. सर उंबऱ्यापाशी थांबले. आत पाहिलं, वर पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मी इथं आधी आलोय ना गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"हो सर," मी म्हटलं. "जोतं भरताना. मी होते बरोबर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मला ओलांडून पुढे गेले, आणि शिक्षकाला कन्नडमधून तेच विचारलं, मी इथे पूर्वी आलो होतो का.

"बंदिद्रल्ला सार," शिक्षक म्हणाला. आला होतात की, सर.

"हां," सर म्हणाले, आणि मग आत गेले.